बोथ तालुका, सीमारेषा आणि आपली मराठी शाळा

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्याला कोणता प्रदेश जोडायचा याची यादी आहे. हैदराबाद राज्यातील औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद असे जिल्हे मोजत ती यादी आदिलाबाद जिल्ह्यापाशी येते आणि तीन नावे घेते: बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या यादीप्रमाणे अंमल सुरू झाला आणि आपला बोथ तालुका दोन राज्यांत वाटला गेला. सहस्रकुंडाजवळचे इस्लापूर मुंबई राज्यात गेले, पोचेऱ्याजवळचे बोथ आंध्र प्रदेशात राहिले.

हिशेब एवढ्यावर संपला नाही. नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशात आली आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. राजुरा काही काळ नांदेड जिल्ह्यात राहून १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. म्हणजे एकीकडून मराठी गावे गेली आणि दुसरीकडून मराठी गावे आली. कागदावर सीमा पक्की झाली, पण सोयरिकी, बाजारहाट, देवदर्शन आणि कापसाच्या गाड्या पूर्वीसारख्याच किनवट, नांदेड, पांढरकवड्याकडे जात राहिल्या.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी बदलली. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी शाळा एका रात्रीत अल्पसंख्याक भाषेची शाळा झाली. इमारत तीच, गुरुजी तेच, पाटीवरची बाराखडीही तीच. पण आता ती शाळा चालेल की नाही, हे पटावरच्या आकड्यावर ठरणार होते. गेली काही वर्षे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा सर्वत्र चालू आहे. ती ऐकताना आपल्या भागातील शाळांचा हा इतिहास माहीत असणे आवश्यक वाटते, म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

निजामी अमलातील शिक्षण

आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला १९०५ मध्ये. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला जागा होती, पण पुढे शिकायचे, नोकरीला लागायचे तर उर्दूला पर्याय नव्हता. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य असूनही शाळेच्या वरच्या पायऱ्यांवर तिची भाषा दिसत नव्हती.

खासगी शाळांना सरकारी परवानगीची अट होती, त्यामुळे गावोगावच्या अनेक लहान शाळा टिकल्या नाहीत. अशा वातावरणात हैदराबाद शहरात केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेक वर्धिनी उभी केली. १९३१ मध्ये हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. सभा-संमेलनांवर बंधने असताना गणेशोत्सवातील व्याख्याने, वाचनालये आणि शाळा हीच मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनाची ठिकाणे होती. शाळा काढणे आणि ती टिकवणे हे त्या पिढीने उत्सवाइतकेच समाजाचे काम मानले.

आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात कहाणी आणखी वेगळी आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांना या भागात पाठवले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेतील पहिली वाचनपुस्तके तयार करण्यात आली. ती देवनागरी लिपीत होती. कारण साधे होते. या भागातील गोंडांना बाजारात, शेतावर, शेजारात मराठी कानावर पडत होती, आणि ज्या मोजक्या गोंड तरुणांना अक्षरओळख होती ती मराठीतून झालेली होती.

याच काळात निजामाच्या सेवेतील एक मराठी अधिकारी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करत होते. ते म्हणजे पुढे शिवकालाचे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आलेले सेतुमाधवराव पगडी. ते गोंडी शिकले आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. आपली भाषा मोठी आहे म्हणून दुसऱ्याची भाषा लहान मानायची नाही, ही दृष्टी त्यांच्या कामात दिसते. आज आपण स्वतः अल्पसंख्याक म्हणून हक्क मागताना ती आठवणीत ठेवण्यासारखी आहे. आदिलाबादेत देवनागरी केवळ मराठी घरांची नव्हती. गोंडांच्या शाळेची वाटही काही काळ तिच्यातून गेली.

चाळीस आणि दहा

ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. ज्या मुलांची मातृभाषा प्रांताच्या भाषेहून वेगळी आहे, त्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. परिषदेने नियम घालून दिला: शाळेत अशी ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर त्यांना मातृभाषेतून शिकवण्यासाठी किमान एक शिक्षक नेमावा. राज्य पुनर्रचनेच्या वेळी हाच नियम भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा पाया बनला. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले आणि प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. ३५०-ख या कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली आणि १९५७ मध्ये त्याचे कार्यालय अलाहाबादला सुरू झाले.

पुढे या संरक्षणाच्या योजनेत दोन उपयुक्त गोष्टींची भर पडली. पहिली, आगाऊ नोंदणी. पालकांनी शाळा सुरू होण्यापूर्वीच आपल्या मुलाला कोणत्या भाषेतून शिकवायचे आहे ते नोंदवायचे. दुसरी, शाळाशाळांतील समायोजन. एका शाळेत चार, दुसरीत पाच मुले असतील तर त्यांना एकत्र आणून त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यायचा. हे नीट लक्षात घेण्यासारखे आहे. शाळा एकत्र करणे ही कल्पना मराठी शाळेच्या विरोधातच असते असे नाही. साठ वर्षांपूर्वी ती भाषा वाचवण्याचे साधन म्हणून मांडली गेली होती. प्रश्न एवढाच असतो की मुले एकत्र करताना त्यांची भाषा बरोबर येते की मागे राहते.

चाळीस आणि दहा हे आकडे हक्क केव्हा सुरू होतो हे सांगण्यासाठी होते. आज दहा हा आकडा शाळा केव्हा संपते हे सांगण्यासाठी वापरला जातो.

राज्ये बदलली, नकाशे बदलले

आंध्र प्रदेशाच्या काळात आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा चालू राहिल्या. पाठ्यपुस्तके मराठीत छापली गेली आणि दहावीची परीक्षा मराठीतून देता येत असे. १९८५ मध्ये तालुके मोडून मंडले झाली. बोथ तालुक्याचे बोथ मंडल उरले आणि आसपासचा भाग इतर मंडलांत गेला. प्राथमिक शाळेच्या पाटीवर मंडल परिषदेचे नाव आले.

२ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. मराठी वस्तीच्या दृष्टीने पाहिले तर बोथ, तलमडुगू, तामसी, जैनथ, बेला ही मंडले आदिलाबादेत राहिली, मुधोळ, भैंसा, कुबेर, तानूर निर्मलमध्ये गेली आणि वांकडी-केरामेरीकडील गावे आसिफाबादेत. पूर्वी एका जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यासमोर सर्व मराठी शाळांचा प्रश्न मांडता येत असे. आता तीन कचेऱ्यांत जावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी आपली संख्या आधीपेक्षा लहान दिसते.

२०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. राज्यात राहायचे तर राज्याची भाषा यायला हवी, याबद्दल आपल्यात फारसे दुमत नाही. इथल्या मराठी घरांतील मुले तेलुगू खेळता खेळताच शिकतात. २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्यास सुरुवात झाली. त्याआधीपासून खासगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या खेड्यापर्यंत पोहोचल्या होत्या आणि पाचवीपासूनच्या निवासी गुरुकुलांकडेही मुले जाऊ लागली होती. त्यातच जन्मदर उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तेलंगणाचा एकूण प्रजनन दर १.८ आहे. मुलेच कमी, त्यांतून वाटेकरी अनेक. सर्वात शेवटी उरते ती गावची मराठी प्राथमिक शाळा.

लहान शाळेचे खरे दुखणे

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न खोटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नोंद आहे की २०१६-१७ मध्ये देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी मुले होती आणि १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी होत्या. एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळतो, माध्यान्ह भोजनाचा हिशेब लिहितो, बैठकीला जातो आणि त्या दिवशी शाळेला जवळपास सुट्टीच असते. चौथीत एकच मुलगी असेल तर तिला सोबत अभ्यासाला, खेळायला, भांडायलाही कोणी नसते. अशी शाळा केवळ भावनेपोटी चालू ठेवावी असे म्हणणे त्या मुलीवर अन्याय आहे.

त्याच धोरणात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक म्हणजे लहान शाळांना शाळासंकुलात गुंफणे. ही कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचीच. दुसरी म्हणजे शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवणे. तेलुगू माध्यमाच्या खेड्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. बोथसारख्या ठिकाणी त्यांची गाठ पडते तेव्हा एक दुसरीला खाऊन टाकण्याची भीती असते.

कसे ते पाहू. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे अंतर धरले आहे. गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा असतील आणि मराठी शाळा जवळच्या शाळेत मिळवली, तर अंतराच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. मुलाला शंभर पावलेही जास्त चालावे लागत नाही. नकाशावर शाळा आहे, वर्ग आहे, जेवण आहे. फक्त पहिलीतल्या मुलाला समोरचे गुरुजी काय बोलतात ते कळत नाही. अंतर मोजणाऱ्या पट्टीवर हे नुकसान उमटत नाही. वास्तविक त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असेही लिहिले आहे.

दुसरा प्रकार अधिक सावकाश घडतो. पट घटला म्हणून मराठी शिक्षकाचे पद दुसरीकडे हलते. त्या जागी मराठी न येणारे शिक्षक तात्पुरते येतात. ते बिचारे मन लावून काम करतात, पण पालकांचा विश्वास उडतो आणि दोन घरे मुलांना काढून घेतात. पुढच्या वर्षी पट आणखी उतरतो. पट घटला म्हणून शिक्षक गेला आणि शिक्षक गेला म्हणून पट घटला, अशा फेऱ्यात ती शाळा अखेर शून्यावर येते. मग कागदावर नोंद होते की मराठी माध्यमाला मागणी नाही.

यावर कोणी म्हणेल, सीमा तर जवळच आहे, मुलांना पलीकडे महाराष्ट्रात शिकवा. तो मार्ग दिसतो तितका सोपा नाही. तेलंगणात सरकारी नोकरभरतीत स्थानिक उमेदवारांसाठी बहुतांश जागा राखीव असतात. २०१८ च्या राष्ट्रपती आदेशानुसार पहिली ते सातवीपैकी किमान चार वर्षे कोणत्या जिल्ह्यात शिकलो, यावर स्थानिकत्व ठरते. मराठीसाठी किनवटला पाठवलेले मूल पुढे आपल्याच जिल्ह्यात परके ठरण्याचा धोका असतो. भाषा राखायची तर स्थानिकत्व जाते, आणि स्थानिकत्व राखायचे तर भाषा जाते. हा पेच गावातल्या मराठी प्राथमिक शाळेने आजवर सोडवला होता. मूल तेलंगणातच शिकत होते आणि मराठीतूनही शिकत होते. म्हणून ही शाळा केवळ संस्कृतीचा विषय नाही, ती घराच्या पुढच्या पिढीच्या पोटापाण्याशी जोडलेली आहे.

केरामेरी आणि जिवती यांच्या दरम्यानची परमडोली, मुकदमगुडा वगैरे वादग्रस्त गावे पाहिली म्हणजे उलटे चित्र दिसते. तिथे दोन्ही राज्ये हक्क सांगतात, म्हणून दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत, एक तेलुगू आणि एक मराठी. शासनाला आपले अस्तित्व दाखवायचे असले की पटाचा आकडा आड येत नाही, हे तिथे कळते.

इतरांचे अनुभव

राजस्थानने २०१४ मध्ये १७ हजारांच्या आसपास शाळा इतर शाळांत विलीन केल्या. पुढे लोकांच्या विरोधामुळे त्यांतील काही पुन्हा सुरू कराव्या लागल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा डोंगराळ भागातून मोठी ओरड झाली. २०२३ मध्ये तिथे समूह शाळांची कल्पना पुढे आली. पानशेत आणि तोरणमाळ ही त्यासाठी दाखवली गेलेली उदाहरणे. मुलांसाठी वाहन, विषयवार शिक्षक, ग्रंथालय, मैदान अशी जोड असेल तर एकत्रीकरणाचा लाभ होतो, आणि वाहन बंद पडले की सर्वात आधी मुलींची शाळा सुटते, हे दोन्ही अनुभव त्यातून समोर आले आहेत.

स्कॉटलंडने २०१० मध्ये यासाठी कायदाच केला. खेड्यातली शाळा बंद करण्यापूर्वी मुलांना त्याने शैक्षणिक लाभ काय होणार हे लिहून द्यावे लागते. दुसरा पर्याय आहे का, गावावर परिणाम काय होईल आणि मुलांच्या प्रवासाचे काय, याचा विचार करावा लागतो आणि लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्याकडे असा कायदा नसला तरी हे प्रश्न विचारायला कोणाची मनाई नाही. आदिलाबादसाठी त्यांत एका प्रश्नाची भर घालावी: मुलांबरोबर त्यांच्या भाषेचा शिक्षक जाणार आहे का?

आपण काय करू शकतो

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी बहुतेक घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वतनाने, व्यापाराने, शेतीने किंवा नोकरीने आपले पूर्वज इथे आले आणि इथलेच झाले. आपल्यातील सुस्थितीतील घरांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले, हे उघड आहे. त्यात गुन्हा नाही. पण त्यामुळे मराठी शाळेत उरली ती बहुतांश शेतमजुरांची, लहान शेतकऱ्यांची मुले, आणि त्यांच्या वतीने कचेरीत बोलणारे कोणी उरले नाही. शाळेचा पट कमी झाला त्यापेक्षा तिचा कैवार घेणारे कमी झाले, हे अधिक गंभीर आहे.

करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. तेलंगणात दरवर्षी जूनमध्ये बडीबाट मोहीम असते. शिक्षक घरोघर जाऊन मुलांची नावे घालतात. त्या आठवड्यात मंडळाचे चार कार्यकर्ते मराठी शाळेच्या गुरुजींबरोबर फिरले, तर कोणत्या गावात किती मराठी मुले आहेत याची नेमकी यादी तयार होईल. आगाऊ नोंदणीच्या जुन्या तरतुदीचा अर्थ नेमका हाच होता. यादी हाती असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलणे सोपे होते.

दुसरे, एखादी शाळा खरोखरच चालण्यासारखी नसेल, तर ती बंद करू नका एवढाच हट्ट न धरता दोन-तीन गावांची मिळून एक चांगली मराठी शाळा, तिला दोन मराठी शिक्षक आणि मुलांना वाहन, अशी मागणी करावी. तेही शक्य नसेल तर ज्या तेलुगू शाळेत मुले जातील तिथे मराठी विषयासाठी एक शिक्षक मागावा. चाळीस आणि दहाचा नियम शाळेपुरता मागता येत नसेल, तर अशा शाळासंकुलापुरता मागता येतो, आणि समायोजनाची तरतूद त्याला आधार देते.

तिसरे काम घरचे आहे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांना देवनागरी वाचता येते का, हे पाहावे. उत्सवात आपण निबंध, वक्तृत्व, पाठांतराच्या स्पर्धा घेतो. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मराठी शाळांच्या मुलांना येण्याजाण्याची सोय करून बोलावले, तर दोन्हीकडच्या मुलांची ओळख होईल. गावातल्या मुलाची मराठी ऐकून आपल्या मुलांची सुधारेल, आणि आपण शिकतो त्या शाळेकडे कोणाचे तरी लक्ष आहे हे त्या मुलांना कळेल.

१९५६ मध्ये सीमारेषा आखताना बोथच्या मराठी माणसांना कोणी विचारले नव्हते. शाळांच्या बाबतीत तसे म्हणण्याची पाळी येऊ नये. अजून विचारणा होते, बैठका होतात, हरकती नोंदवता येतात. तिथे आपली यादी घेऊन वेळेवर हजर राहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.